चंद्रीच्या कडब्याचं जहाज

आमच्या मालकांनी समुद्र पाहिलेला न्हाई, हे आधीच सांगून टाकते. मागनं कोणी म्हणायला नको की शिवगंगाबाईनं लपवलं. आता लातुरात त्यांना 'जहाजवाले आप्पा' म्हणतात. लोक जहाजं बघायला घरी येतात, आणि हे खुर्चीत रेलून त्यांना भरती-ओहोटी समजावून सांगतात. मी आत चहा टाकता टाकता ऐकते आणि कपाळाला हात लावते. ह्यांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नांदेडची गोदावरी, ती पण पुलावरनं, एसटीच्या खिडकीतनं, आणि तवाही हे डुलक्या काढत होते. मी शेजारच्याच सीटवर होते, मला माहीत हाय.

नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पण तुमच्यासाठी एकदा घेते. विरूपाक्ष. गाव निलंग्याकडचं. लग्न ठरलं तवा हे लातुरात आडतीच्या दुकानात मुनीम होते. मध्यस्थानं माझ्या वडलांना सांगितलं, "पोरगा लेखक हाय." वडील उदगीरचे, दाणेबाजारातले. त्यांना वाटलं, हात लिहिता हाय म्हणजे चार दुकानं सांभाळील. खुशीत मुलगी दिली आणि माझ्यासंगं एक कालवड दिली. ती चंद्रीची आई. चंद्रीचं नाव ध्यानात ठेवा. ह्या सगळ्या खटाटोपात जीव टांगणीला लागला तो तिचा, ह्यांचा न्हाई.

लेखक म्हणजे काय ते मला सासरी आल्यावर कळलं. नांदेडहून 'गोदातरंग' नावाचं मासिक निघायचं, त्यात हे 'दर्यासारंग' ह्या टोपणनावानं समुद्रावरच्या कथा लिहायचे. दिवसभर ज्वारीची पोती मोजून घ्यायची आणि घरी आलं की पलंगावर पालथं पडून वादळ उठवायचं. एक कप्तान होता, तो दर अंकात मरता मरता वाचायचा. समुद्र पाहिला कुठं म्हणाल, तर कॅलेंडरवर. दुकानात तेलाच्या गिरणीचं कॅलेंडर होतं, त्यावर निळं पाणी आणि पांढरं जहाज. वर्ष सरलं, भिंतीला रंग लागला, पण ह्यांनी ते कॅलेंडर काढू दिलं न्हाई.

आता कॅलेंडर बघून समुद्र लिहिला की जे व्हायचं तेच झालं. ह्यांच्या कथेत भरती यायची ती आठवडी बाजारासारखी, ठरल्या वारी. खडक दिसला की कप्तान ओरडायचा, "मागं घ्या, मागं घ्या!" आणि जहाज एसटीसारखं सरळ मागं यायचं. एकदा तर भर समुद्रात जहाज अडलं म्हणून खलाशी खाली उतरून ढकलायला लागले. मी विचारलं, "अहो, पाण्यात ते उभे कशावर राहिले?"

"तुला साहित्यातलं कळत न्हाई," हे म्हणाले.

न्हाई कळत. पाय कशावर टेकतात एवढं मात्र कळतं. अमृतराव म्हणून संपादक होते, ते हे सगळं जसंच्या तसं छापायचे, कारण त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. वाचक कंधारचे, देगलूरचे, अर्धापूरचे. त्यांनी तरी कुठं पाहिलाय! मासिक चुकून कोकणात गेलं असतं तर त्याच दिवशी बंद पडलं असतं. पण कोकणात कोण पाठवणार, टपालाला पैसे लागतात. त्यामुळं ह्यांची इज्जत बरीच वर्षं टिकली.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गल्लीतल्या बाया खडी फोडायला जाऊ लागल्या, आडाच्या तळाशी नुसता गाळ उरला. अमृतरावांनी तमाम लेखकांना निरोप धाडला की दुष्काळावर लिहा. सगळ्यांनी लिहिलं. ह्यांनी पाठवला समुद्र, काठोकाठ भरलेला. अमृतराव स्वतः एसटीनं लातूरला आले. घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "विरूपाक्षप्पा, लोकांना प्यायला पाणी न्हाई आणि तुम्ही समुद्र काय लिहून राहिलात?"

"म्हणूनच लिहून राहिलो," हे म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्या उत्तराला मी आतल्या आत मान डोलावली. एवढं एकच वाक्य ह्यांच्या साहित्यातलं मला आवडलं, आणि तेही छापून आलं न्हाई. पण अमृतरावांनी जाता जाता घात केला. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "खरं सांगू का, तुमचं जहाजच मला दिसत न्हाई. शिडं कुठं, वल्ही कुठं, माणसं बसतात कुठं, काहीच डोळ्यापुढं येत न्हाई."

ते ह्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यातनं मूठभर कडबा उचलला. ज्वारीच्या ताटाची साल काढली की आत पांढरं भेंड निघतं, त्या भेंडाच्या नि सालीच्या बैलगाड्या करून खेळण्यात आम्हा सगळ्यांचं लहानपण गेलं. ह्यांनी त्याचं जहाज केलं. म्हणे, नमुना पुढ्यात ठेवून लिहीन, मग बघू कसं दिसत न्हाई ते. नमुना झाला. कथा काही झाली न्हाई. दुसरा नमुना केला, तिसरा केला. पुढं मासिकच बुडालं. अमृतरावांनी छापखाना मोडून धर्माबादला मिरचीचा धंदा टाकला, आणि म्हणतात की झकास चालला. त्यांना शहाणपण आलं. ह्यांचं लिहिणं सुटलं, पण जहाजं काही सुटेनात.

आडतीवरची नोकरी कधीच गेली होती. पोत्यांच्या हिशेबात मधेच वादळ यायला लागल्यावर मालक तरी काय करील? तवापासून घर चाललं ते चंद्रीच्या जिवावर. ती तेव्हा भरात होती. सकाळ-संध्याकाळ रतीब घालायचा, आलेल्या पैशात मीठ-मिरची भागवायची. आणि हे गोठ्याच्या कडेला बसून तिच्याच वैरणीची वल्ही कोरायचे. ती आपली बघत राहायची. जनावराला बोलता येत न्हाई म्हणून बरं.

असं चाललेलं असताना ब्याऐंशी साल उजाडलं आणि लातूर जिल्हा होणार, असं ठरलं. गावाला नुसतं उधाण आलं. जो तो म्हणायचा, आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले, आता नोकऱ्या येतील, हपिसं येतील, नळाला पाणी येईल. पाऊस तेवढा येत नव्हता. मिरगात एकदा भुरभुरला आणि तोंड काळं केलं. आषाढ सरत आला तरी रानात हिरवं पान न्हाई. कडबा बाजारात दिसेनासा झाला. माझी स्वतःची गंजी होती, माहेरच्या रानातली, भावानं गाडीनं आणून टाकलेली. ती मी देवाच्या प्रसादासारखी पुरवून पुरवून घालत होते. तरी ती अशी भराभर उतरत चालली की मला शेजारच्या विठाबाईच्या म्हशीचा संशय आला. ती म्हैस दावं तोडून येत असणार. विठाबाईशी माझं असं भांडण झालं की दोघींच्या सात पिढ्या खाली उतरल्या.

त्यातच कापडवाले व्यंकटराव घरी आले. पंधरा ऑगस्टला जिल्ह्याचं उद्घाटन, मोठे पाहुणे येणार, मिरवणुकीत गल्लीगल्लीचे देखावे निघणार, आणि व्यंकटराव त्या समितीचे मुख्य. हे ताडकन उभे राहिले. "आमच्या गल्लीचं जहाज! गाडीवर मावेल एवढं! नव्या जिल्ह्याचं जहाज पाण्यात सुटलं, असा देखावा करू."

"कोणत्या पाण्यात?" मी आतनं विचारलं.

व्यंकटराव हसले. हे हसले न्हाईत. अय्या शिवा, त्या तोंडावर असं तेज आलेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. पण गाडीएवढं जहाज म्हणजे गंजीचा उरलासुरला तळ. मी सरळ गोठ्याच्या दारात आडवी बसले. "माझ्या मढ्यावरनं जा आणि कडबा न्या," म्हणलं.

मग हे गयावया करायला लागले. म्हणाले, "शिवगंगे, इतकी वर्षं लिहिलं, कोणाला दिसलं न्हाई. इतकी जहाजं केली, ती तुझ्या गोठ्याबाहेर गेली न्हाईत. एकदा, एकदाच सगळ्या गावाला दिसू दे."

माणसानं असं बोलल्यावर काय करावं? मी अट घातली. मिरवणूक झाली की जहाज त्याच पावली घरी आलं पाहिजे. बक्षीस मिळो, न मिळो. दुसऱ्या दिवसापासून ते रोज थोडं थोडं मोडून चंद्रीपुढं पडेल. नवं गवत येईपर्यंत तिला तेवढंच पुरवायचं. ह्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. आमच्या लिंगायतांत ह्याच्यापुढं शपथ न्हाई.

आणि दुसरी अट, मोरचूद घालायचा न्हाई. ह्यांची चिकटवायची खळ म्हणजे अमृतरावांच्या छापखान्यात शिकलेली. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचे, पुस्तकं बांधणारे टाकतात तसा. मी म्हणलं, "विष हाय ते. गाय मरेल."

"आणि जहाजाला वाळवी लागली तर?"

"वाळवीच्या आधी चंद्री लागणार हाय त्याला."

ह्यावर तीन सांजा अबोला झाला. शेवटी साध्या ज्वारीच्या पिठाची खळ झाली, ती पण माझ्याच डब्यातल्या. शिडं माझ्या जुन्या इरकल लुगड्याची. दोर सुतळीचे. आतनं पोकळ ठेवलं तर हलकं दिसतं म्हणून पोटात अख्ख्या पेंढ्या भरल्या. आणि खरं सांगते, झालं ते देखणं झालं. उन्हात ठेवलं की सालीचा पिवळा रंग असा चमकायचा की सोन्याचं वाटावं. चंद्री दाव्याला हिसके देऊन हंबरायची. हे म्हणायचे, "बघ, तिलाही आवडलं." आवडणारच की! तिचं जेवण होतं ते.

पंधरा ऑगस्टला शहर सजलं होतं. पताका, कमानी, हलग्या. आमचं जहाज गाडीवर चढवलं आणि हे पांढरी टोपी घालून बाजूनं चालू लागले. मागच्या गाडीवर हरितक्रांतीचा देखावा होता. कागदाला हिरवा रंग देऊन हिरवंगार शेत केलेलं. आणि ती हरितक्रांती ओढायला जुंपलेले बैल असे, की त्यांच्या फासळ्यांवरनं हात फिरवला तर वाजतील. पोळा तोंडावर आलेला, म्हणून शिंगं तेवढी रंगवली होती. बैलांचे मालक गुंडप्पा, औराद शहाजानीकडचे शेतकरी, पुढं चालत होते.

मैदानात सगळ्या गाड्या एकामागं एक उभ्या केल्या. आमच्या जहाजाची मागची बाजू आणि गुंडप्पाच्या बैलांची तोंडं, मधे वीतभर जागा. गाडीवाले बिड्या ओढायला झाडाखाली गेले. हे मंचाच्या पायथ्याशी जाऊन बसले, नाव पुकारलं की लगेच उठता यावं म्हणून. आम्ही बाया दुसऱ्या कडेला. आणि भाषणं सुरू झाली.

काय ती भाषणं! एक जण उठला की नव्या जिल्ह्यात दुधाच्या नद्या वाहवून खाली बसायचा, दुसरा उठून त्यात उसाचा रस सोडायचा. सगळ्यांची तोंडं मंचाकडं. माझी नजर काही जहाजावरनं हटत नव्हती, माझा जीव तिथं होता. आधी एका बैलानं मान पुढं केली आणि वास घेतला. मग जीभ लावली. पिठाची खळ, गोडसर लागली असणार. मग त्यानं एक वल्हं ओढलं.

मी ओरडले. लाउडस्पीकरपुढं माझं कोण ऐकतंय! शेजारच्या बायांना वाटलं मी घोषणा देते, त्यांनीही 'जय' म्हणलं. मी लुगडं खोचून गर्दीतनं घुसले. कोणी म्हणे बाई कुठं निघालात, कोणी म्हणे खाली बसा, पुढचं दिसत न्हाई. पोचेपर्यंत मागची बाजू गेली होती. पोट फुटून पेंढ्या बाहेर आल्या होत्या, आणि आता आजूबाजूच्या गाड्यांचे बैलही जू वाकडं करून येऊन भिडले होते. शिडासकट खात होते. माझ्या इरकलीचा काठ एका बैलाच्या तोंडातनं लोंबत होता. आमच्या गाडीचे बैल तेवढे पुढं तोंड करून बिचारे उपाशी उभे.

"अहो, कोणाचे हे बैल? माझ्या गायीचा कडबा हाय तो!" मी किंचाळले. गुंडप्पा झाडाखालनं धावत आले, बघितलं आणि चाबूक उचलला. तेवढ्यात आमचे मालक आले. मला वाटलं, आता हे आडवे पडणार. पण ह्यांनी गुंडप्पाचा हात धरला.

"मारू नका," म्हणाले. "कवापासून उपाशी हायत?"

गुंडप्पाच्या डोळ्यात पाणी आलं. "आप्पा, गाडी जुंपली तर वैरण देतो म्हणले व्यंकटराव. म्हणून आलो बघा. अजून दिलेली न्हाई."

तेवढ्यात स्पीकरवरनं नाव पुकारलं गेलं, "कलावंत विरूपाक्षप्पा यांचं भव्य जहाज!" तमाम मैदान वळून बघू लागलं. जहाज कुठलं? बांबूची डोलकाठी, तिच्यावर झेंडा, खाली रवंथ करणारे बैल आणि मधे हे, पांढऱ्या टोपीत. मग जो हशा उसळला, तो मला आजही ऐकू येतो. मोठे पाहुणेही हसले आणि माईकवर म्हणाले, "वा! दुष्काळाचा असा जिवंत देखावा मी कुठं पाहिला न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ह्यांना वर बोलावून शाल घातली, नारळ दिला. व्यंकटराव शेजारी उभं राहून असे हसत होते की जणू बैलांना त्यांनीच शिकवलं. मला वाटलं, वर जाऊन तो नारळ त्यांच्याच डोक्यात फोडावा.

घरी आलो. दारातच हे म्हणाले, "शिवगंगे, कोणीतरी पहिल्यांदाच माझं शेवटपर्यंत संपवलं." हसावं की रडावं मला कळेना. मी म्हणलं, "मोरचूद घातला असता तर ते बैलही संपले असते. आता ऐका. उद्या चंद्रीला हाळीच्या जनावरांच्या बाजारात नेते. इथं उपाशी मारण्यापेक्षा कोणाच्या तरी दावणीला जाऊ दे." असं मी तोंडानं बोलून गेले खरी, पण माहेरचं तेवढंच उरलं होतं माझ्यापाशी.

हे तसेच वळले. शाल काढून खुंटीला लावली, शिडी लावली आणि माळ्यावर चढले. वरनं काहीतरी धपकन पडलं. कडब्याची पेंढी. मग दुसरी. मग पडतच राहिल्या. निवडक, लांब, जाडजूड ताटांच्या, माझ्याच गंजीतल्या. अंगणात हा ढीग झाला.

मी बघतच राहिले. "हे कुठनं आलं?"

"दुसऱ्या जहाजासाठी ठेवलं होतं," वरनं आवाज आला. "ह्याच्याहून मोठं करायचं होतं."

म्हणजे गंजी उतरत होती ती ह्यांच्यामुळं! चंद्री अर्धपोटी उभी, मी विठाबाईच्या म्हशीला शिव्याशाप देऊन राहिले, आणि हा माणूस माळ्यावर आरमार भरून बसलेला! मी कडब्याचं एक ताट उचललं आणि हे शिडीवरनं उतरता उतरताच ह्यांना धरून हाणलं. पाठीवर, पायावर, हाताला लागेल तिथं. हे उभे राहून मार खात होते. ताट मोडलं तवा मी ते चंद्रीपुढं टाकलं आणि तिच्या गळ्यात पडून रडले. राग तर होताच. पण वर चढताना त्या माणसानं ते मोठं जहाज कायमचं सोडलं, हे मलाही कळत होतं. आणि एक गोष्ट राग येऊनही खरीच, त्यांनी चोरलं नसतं तर मी ते आषाढातच घालून मोकळी झाले असते.

"आता चंद्री ह्याचं शेण करील," मी डोळे पुसत म्हणलं.

"करू दे," हे म्हणाले, आणि पहिली पेंढी स्वतःच्या हातानं सोडून तिच्यापुढं ठेवली.

पुढं पाऊस आला, उशिरा का होईना. चंद्री वाचली. तिच्या नातीची नात आता आमच्या दारात हाय. जिल्हा झाला, हपिसं आली. पाण्याचं म्हणाल तर घागर अजून कडेवरच हाय. विठाबाईची माफी मी मागितली न्हाई, तिच्या म्हशीला भाकरी दिली. आणि ह्यांची जहाजं आता बाभळीची असतात, सागाच्या ढलप्यांची असतात. पण नवं जहाज धरायचं झालं की आधी त्याचा एक तुकडा घेऊन गोठ्यात जातात आणि गायीच्या तोंडापुढं धरतात. तिनं मान फिरवली तरच कामाला बसतात. बघायला आलेले लोक विचारतात, आप्पा हे काय? हे तुकडा उलटून पालटून बघत बसतात. मग मीच आतनं सांगते, की ही अक्कल कथा लिहायच्या दिवसांत आली असती, तर त्या कथाही छापायच्या आधी माझ्यापुढं धरल्या असत्या.